लस: फ्रीजपासून दंडात टोचेपर्यंत फार्मासिस्टचं कुठं चुकतं?

लसीच्या बाबतीत बहुतेक दुकानांत एकच धास्ती असते, ती गरम होता कामा नये. म्हणून फ्रीजचं बटण जास्त थंडीकडे फिरवलं जातं, खोकी बर्फाच्या कप्प्याला टेकवून ठेवली जातात, आणि पाठवायच्या पेटीत फ्रीझरमधून काढलेले दगडासारखे आइस पॅक थेट कुप्यांवर रचले जातात. नुकसान होतं ते इथंच. ॲल्युमिनियमचं संयुग घातलेली लस एकदा गोठली की वितळल्यावर वरवर पाहता जशीच्या तशी वाटते, पण तिचा जोर गेलेला असतो आणि तो परत येत नाही. रंग बदलत नाही, वास येत नाही, टोचून घेणाऱ्याला काहीच जाणवत नाही. कळलंच तर काही वर्षांनी, त्या माणसाला आजार झाल्यावर.

म्हणजे लस चांगली आहे की नाही हे डोळ्यांनी ठरत नाही, नोंदीवरून ठरतं. खालचे सगळे टप्पे याच हिशेबाने लिहिले आहेत. त्यांतले आकडे सर्वसाधारण आहेत. हातातल्या लसीचं माहितीपत्रक वेगळं सांगत असेल तर तेच धरून चाला. कोणत्या लसी, कोणत्या वयाला, कुणाच्या लेखी सूचनेवरून फार्मासिस्टने टोचायच्या, हे तुमच्या नियामकाकडून आधी पक्कं करून घ्या.

## १. फ्रीज: लस येण्याआधी

बहुतेक लसींना २ ते ८ अंश सेल्सियस लागतं. फ्रीज लावताना ५ अंशांवर नेम धरा, म्हणजे खाली-वर दोन्हीकडे ३ अंशांची मोकळीक राहते. कांजिण्यांच्या काही लसी उणे १५ किंवा त्याहून थंड ठेवाव्या लागतात, काही एमआरएनए लसी तर उणे ६० च्याही खाली. त्यांना वेगळा फ्रीझर लागतो, फ्रीजच्या डोक्यावरचा बर्फाचा कप्पा त्या कामाचा नाही.

लस ठेवण्यासाठीच बनवलेला फ्रीज सगळ्यांत चांगला. तो मिळत नसेल तर घरगुती दोन दारांच्या फ्रीजचा फक्त खालचा भाग वापरा. एकाच दाराचा, आत वर छोटा बर्फाचा कप्पा असलेला फ्रीज मात्र लसीसाठी अजिबात नको. त्यात एका कोपऱ्यात पाणी गोठतं आणि दुसऱ्या कोपऱ्यात १० अंश असतात.

घरगुती फ्रीजमध्ये सुरक्षित जागा म्हणजे मधले कप्पे. थंड हवा जिथून येते ती वरची जाळी, अगदी तळ, भाजीचे खण आणि दार या चारही जागा लसीसाठी बाद. भाजीचे खण काढून टाका. त्या जागी आणि दारात पाण्याच्या भरलेल्या बाटल्या ठेवा. वीज गेल्यावर किंवा दार उघडल्यावर त्या तापमान धरून ठेवतात, आणि जागा भरलेली असल्यामुळे तिथं कुणी चुकून खोकं ठेवत नाही. बाटल्यांवर ‘पिऊ नका’ लिहा.

प्लग थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये हवा, एक्स्टेन्शन बोर्डवर नको. प्लगवर आणि मेन स्विचवर ‘बंद करू नका, आत लस आहे’ अशी चिठ्ठी लावा. संध्याकाळी दुकान बंद करताना सवयीने सगळी बटणं खाली करणारा हात कधी ना कधी त्या बटणापर्यंत पोचतोच.

नवा किंवा दुरुस्त होऊन आलेला फ्रीज रिकामाच चालवा. काटा स्थिर व्हायला दोन दिवस लागू शकतात, कधी आठवडाही. तोवर आत लस नको.

थर्मामीटरबद्दल थोडं जास्त

फ्रीजच्या दारावरचा आकडा हा कुठल्या तरी एका कोपऱ्यातल्या हवेचा असतो. लसीचं तापमान कळायला डेटा लॉगर, म्हणजे तापमान आपोआप नोंदवत राहणारं यंत्र लागतं, आणि त्याचा प्रोब, म्हणजे तापमान मोजणारं टोक, ग्लायकॉलसारख्या द्रवाच्या बाटलीत बुडवलेलं हवं. कारण साधं आहे. दार उघडलं की हवा लगेच तापते, कुपीतला द्रव सावकाश तापतो. उघडा प्रोब दिवसभर खोट्या हाका मारतो आणि चार दिवसांत माणसं त्याच्याकडे पाहायचं सोडून देतात.

लॉगर ०.५ अंशापर्यंत अचूक असावा, निदान दर ३० मिनिटांनी नोंद करणारा असावा, धोक्याची घंटा असलेला असावा, आणि त्याचं कॅलिब्रेशन प्रमाणपत्र मुदतीत असावं. प्रोब मधल्या कप्प्यात, लसींच्या शेजारी ठेवा. भिंतीला चिकटवू नका.

सावध: तापमान जरा इकडेतिकडे दिसलं म्हणून गर्दीच्या वेळी बटण फिरवू नका. आधी दार नीट लागलं आहे का, प्रोब हलला आहे का, हे पाहा. बटण फिरवायचंच असेल तर एका जबाबदार माणसाने, अगदी थोडं, आणि अर्ध्या-अर्ध्या तासाने वाचन घेत. दहापैकी नऊ वेळा ‘थोडं थंड करून ठेवलं’ याच वाक्याने गोठण्याची गोष्ट सुरू होते.

## २. माल ताब्यात घेताना

लसीची पेटी आली की काउंटरवरचं काम थांबवा. ‘गिऱ्हाईक आटपून बघतो’ असं म्हणत ती तासभर तिथंच राहते. क्रम असा ठेवा:

पेटी उघडून आधी आतलं तापमान किंवा तापमानदर्शक पट्टी वाचा. मग वस्तू, संख्या, बॅच क्रमांक आणि मुदत पावतीशी ताडून बघा. लसीबरोबर द्रावक, म्हणजे कोरडी लस विरघळवायचा द्रव, येणार असेल तर तो तितक्याच संख्येने आला आहे का, हे त्याच वेळी मोजा. सगळं ठीक असेल तर लगेच फ्रीजमध्ये, आणि वहीत वेळ लिहा.

काही खटकलं, म्हणजे बर्फाचा पॅक खोक्याला चिकटलेला आहे, पट्टीचा रंग बदलला आहे किंवा प्रवासाला ठरल्यापेक्षा जास्त वेळ लागला आहे, तर माल परत भिरकावू नका आणि चांगल्या साठ्यात मिसळूही नका. बाजूला, पण योग्य तापमानातच ठेवा आणि पुरवठादाराला त्याच क्षणी कळवा. उशिरा केलेल्या तक्रारीला उत्तर मिळतं, ‘तुमच्याकडेच बिघडलं असेल.’

तपासा: काही कुप्यांवर उष्णतादर्शक खूण असते, एका वर्तुळात एक चौकोन. चौकोन वर्तुळापेक्षा फिका असेल तर लस वापरता येते. दोन्हींचा रंग सारखा झाला किंवा चौकोन जास्त गडद झाला तर ती कुपी बाद. ही खूण फक्त उष्णता मोजते. लस गोठून गेली असेल तरी चौकोन पांढराशुभ्रच राहील, म्हणून त्यावर निर्धास्त होऊ नका.

## ३. फ्रीजमधली मांडणी

प्रत्येक लसीच्या दोन बाजू लक्षात ठेवा, कशाला घाबरते आणि किती घाबरते.

गोठण्याला घाबरणाऱ्या: हिपॅटायटिस बी, हिपॅटायटिस ए, धनुर्वात-घटसर्पाच्या सगळ्या मिश्र लसी, पेंटाव्हॅलंट, न्यूमोकोकल कॉंज्युगेट, एचपीव्ही, इन्फ्लुएन्झाची टोचायची लस, पोलिओची टोचायची लस. यांतली हिपॅटायटिस बी सगळ्यांत नाजूक, ती उणे अर्ध्या अंशाच्या आसपासच गोठते.

उष्णतेला आणि उजेडाला घाबरणाऱ्या: गोवर-गालगुंड-रुबेला, बीसीजी, कांजिण्या. या जिवंत पण दुबळ्या केलेल्या जंतूंच्या लसी आहेत, आणि द्रावक मिसळल्यावर तर त्या फारच लवकर दम सोडतात.

पहिल्या गटाची खोकी थंड हवेच्या जाळीपासून सर्वांत लांब ठेवा. सगळी खोकी भिंतीपासून निदान पाच सेंटिमीटर दूर ठेवा, म्हणजे हवा फिरते आणि मागच्या भिंतीवरचं दव खोक्याला लागत नाही. कुप्या मूळ खोक्यातच राहू द्या. जागा वाचते म्हणून खोकी फेकून कुप्या ट्रेमध्ये उभ्या करणारे महाभाग आहेत. त्यात उजेड लागतो, आणि नावं सारखी असलेल्या कुप्या एकमेकींत मिसळतात.

ही नावांची गल्लत गोठण्याइतकीच नेमाने होते. एकाच कंपनीची मोठ्यांची आणि मुलांची हिपॅटायटिस बी, कांजिण्यांची लस आणि नागिणीची लस, लहानांची व मोठ्यांची धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकला या जोड्या शेजारी ठेवूच नका. वेगवेगळ्या कप्प्यांत ठेवा आणि टोपलीवर मोठ्या अक्षरात वयोगट लिहा.

ज्याची मुदत आधी संपते ते पुढे. आधी आलेलं आधी वापरायचं, हा नियम इथं चालत नाही, कारण उशिरा आलेल्या मालाची मुदत कधी कधी आधी संपते. खोक्यावर फक्त महिना आणि वर्ष असेल तर त्या महिन्याच्या शेवटच्या दिवसापर्यंत लस चालते. तारीख छापली असेल तर त्या दिवसापर्यंत.

डबा, दूध, तपासणीचे नमुने यांपैकी काहीही या फ्रीजमध्ये नको. डब्यासाठी दिवसातून चार वेळा जास्त दार उघडतं आणि नमुन्यामुळे संसर्गाचा धोका येतो.

## ४. रोजची नोंद

सकाळी दुकान उघडल्यावर दार उघडण्याआधी लॉगरवरचं किमान आणि कमाल तापमान वाचून लिहा. आत्ता ५ अंश आहेत याला फारसा अर्थ नाही. काल संध्याकाळपासून सकाळपर्यंत सर्वांत खाली किती गेलं, हे महत्त्वाचं. रात्री दार उघडत नाही, खोली गार पडते, बटण मात्र दिवसाच्या उकाड्याला लावलेलं असतं. तापमान शून्याखाली सरकतं ते अशाच वेळी. सकाळी दोन गिऱ्हाइकांसाठी दार उघडलं की काटा पुन्हा शहाण्यासारखा ४ वर येऊन बसतो. संध्याकाळी बंद करताना पुन्हा एकदा वाचा.

नोंदीत तारीख, वेळ, किमान, कमाल, वाचणाऱ्याची सही. मग लॉगरवरचं जुनं किमान-कमाल पुसून (रीसेट करून) टाका. आठवड्यातून एकदा पूर्ण आलेख उतरवून घ्या आणि खरोखर बघा.

एका ठिकाणची वही मी चाळली होती. सहा महिने, दिवसातून दोनदा, प्रत्येक नोंद बरोबर ४ अंश, आणि सगळी एकाच पेनाने लिहिलेली. खरा फ्रीज इतका आज्ञाधारक नसतो. वहीतले आकडे हलत नसतील तर फ्रीजची नाही, वहीची चौकशी करा.

## ५. तापमान बिघडलं तर

इथं घाईने दोन उलट चुका होतात. कुणी गुपचूप सगळं वापरतं, कुणी घाबरून सगळं फेकतं. खरा क्रम असा:

१. त्या लसींवर ‘वापरू नका’ अशी चिठ्ठी लावा आणि वेगळ्या टोपलीत, योग्य तापमानाच्या जागी ठेवा. बाहेर काढून ठेवल्याने नुकसान वाढतं.

२. लिहून काढा: किती अंश, किती वेळ, शेवटची चांगली नोंद कधीची, खोलीचं तापमान किती होतं, कोणत्या लसी, कोणते बॅच, किती डोस, त्या आधी कधी बिघडल्या होत्या का. हा शेवटचा प्रश्न विसरू नका. उष्णतेचे आघात साठत जातात. मागच्या महिन्याचे तीन तास आजच्या दोन तासांत मिळवायचे असतात.

३. लस बनवणाऱ्या कंपनीच्या वैद्यकीय माहिती विभागाला आणि तुमच्या आरोग्ययंत्रणेला विचारा. उत्तर लेखी घ्या.

४. उत्तर येईपर्यंत त्यातला एकही डोस द्यायचा नाही. निर्णय काय झाला तो वहीत लिहा.

वीज गेली असेल तर दार उघडू नका. आत काय चाललंय हे बाहेरच्या लॉगरवर दिसतं. पर्यायी फ्रीज कुठं, तिथं कुणाला फोन करायचा, पेटी आणि आइस पॅक कुठं ठेवले आहेत, हे अंधारात शोधायची वेळ येऊ नये म्हणून आधीच कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवा.

लस हलवताना फ्रीझरमधला आइस पॅक तसाच वापरू नका. तो बाहेर ठेवून थोडा वितळू द्या. कानाशी हलवल्यावर आत पाणी खळखळलं आणि बर्फ सुटा होऊन आपटल्याचा आवाज आला की तो तयार. त्यानंतरही पॅक आणि लस यांच्यामध्ये पुठ्ठा किंवा बबल शीट हवीच. पेटीतही लॉगरचा प्रोब ठेवा.

हलवून पाहण्याच्या चाचणीबद्दल: ॲल्युमिनियम असलेली लस गोठली होती का हे ओळखायची एक चाचणी आहे. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक कुपी मुद्दाम गोठवून वितळवायची, मग ती आणि संशयित कुपी एकत्र हलवून सपाट जागी ठेवायच्या. संशयित कुपीतला गाळ मुद्दाम गोठवलेल्या कुपीइतक्याच किंवा त्याहून जास्त वेगाने खाली बसला तर ती बाद. प्रशिक्षित हातांत ही चाचणी चांगली आहे. तुलनेची कुपी न घेता नुसतं हलवून ‘ठीक दिसते’ म्हणणं म्हणजे चाचणी नव्हे. आत बर्फ दिसत असेल तर चाचणीचीही गरज नाही, कुपी बाद.

## ६. सुई हातात घेण्याआधीचे प्रश्न

‘काही ॲलर्जी आहे का?’ एवढंच विचारलं की ‘नाही’ एवढंच उत्तर येतं. प्रश्न एकेक करून विचारा:

आज ताप किंवा मोठं आजारपण आहे का? साधी सर्दी, हलका खोकला किंवा चालू असलेला अँटिबायोटिकचा कोर्स ही बहुतेक लसी पुढे ढकलायची कारणं नाहीत.

याआधीच्या लसीनंतर श्वास लागणं, चेहरा सुजणं, अंगभर गांधी उठणं असं काही झालं होतं का? लसीतल्या एखाद्या घटकाची तीव्र ॲलर्जी माहीत आहे का? उत्तर हो असेल तर थांबा आणि डॉक्टरकडे पाठवा.

गरोदर आहात का, किंवा महिन्याभरात दिवस जाण्याची शक्यता आहे का? गोवर-गालगुंड-रुबेला आणि कांजिण्यांसारख्या जिवंत लसी गरोदरपणात द्यायच्या नसतात.

कर्करोगाचे उपचार, अवयव प्रत्यारोपण, जास्त मात्रेत स्टेरॉइड, प्रतिकारशक्ती कमी करणारं औषध? इथंही जिवंत लस थांबवा.

गेल्या चार आठवड्यांत दुसरी कोणती लस घेतली? टोचायच्या दोन जिवंत लसी एकाच दिवशी द्यायच्या, नाहीतर त्यांत २८ दिवसांचं अंतर ठेवायचं. अलीकडे रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) घेतलं असेल तर गोवराच्या लसीची तारीख बदलते.

रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का? असेल तर लस नाकारायची नसते. २३ गेज किंवा त्याहून बारीक सुई वापरा (गेजचा आकडा जितका मोठा तितकी सुई बारीक) आणि टोचल्यावर निदान दोन मिनिटं न चोळता घट्ट दाबून धरा.

सुई पाहून कधी चक्कर आली होती का? हा प्रश्न क्षुल्लक वाटतो. उत्तर हो आलं तर माणसाला आडवं झोपवून टोचा.

## ७. कुपीतून सिरिंजमध्ये

द्रावक म्हणजे नुसतं पाणी, कुठलंही चालेल, हा समज जीव घेणारा आहे. २०१४ मध्ये सीरियातल्या इदलिब भागात गोवराच्या मोहिमेत द्रावकाऐवजी स्नायू शिथिल करणारं औषध मिसळलं गेलं आणि १५ मुलं दगावली. २०१८ मध्ये सामोआत याच प्रकारच्या चुकीने दोन बाळं गेली. पुढे तिथं लोकांचा लसीवरचा विश्वास ढासळला, आणि २०१९ मध्ये गोवराची साथ आली तेव्हा ८३ जणांचा बळी गेला. म्हणून लसीच्या फ्रीजमध्ये दुसरं कोणतंही इंजेक्शन ठेवायचं नाही, आणि द्रावक त्याच कंपनीचा, त्याच लसीसाठी दिलेलाच घ्यायचा.

क्रम:

हात धुवा. लस फ्रीजमधून काढताना नाव वाचा, भरताना वाचा, टोचण्याआधी वाचा. समोरच्या माणसालाही नाव आणि मुदत दाखवा.

कोरडी लस आणि द्रावक दोन्ही मिसळायच्या वेळी थंड असायला हवेत. द्रावक बाहेर ठेवलेला असेल तर आदल्या दिवशी फ्रीजमध्ये ठेवा, पण गोठवू नका, अँप्यूल तडकते. कुपीचं बूच अल्कोहोलने पुसून वाळू द्या. द्रावक सगळाच्या सगळा घाला. अर्धा घातला तर मात्रा चुकते.

हलवण्याची रीत लसीगणिक वेगळी असते. ॲल्युमिनियमची लस नीट हलवून एकजीव करावी लागते, नाहीतर पहिल्या डोसात पाणी आणि शेवटच्यात गाळ जातो. एमआरएनए लस हलवायची नाही, फक्त हळुवार उलटीपालटी करायची.

गोवर किंवा बीसीजीची लस मिसळल्यावर कुपीवर वेळ लिहा. जागतिक आरोग्य संघटनेच्या नियमाप्रमाणे सहा तासांनंतर किंवा सत्र संपल्यावर, जे आधी होईल तेव्हा, उरलेली टाकून द्यायची. यांत जंतूंना रोखणारं औषध नसतं. २०१७ मध्ये दक्षिण सुदानमध्ये एकच सिरिंज चार दिवस वापरली गेली, लसही फ्रीजबाहेर होती, आणि १५ मुलं जंतुसंसर्गाने मेली. इतर लसींची बहुडोसी (अनेक डोसांची) कुपी असेल तर उघडल्याची तारीख लिहा. किती दिवस चालेल ते माहितीपत्रकात असतं, मनाने ठरवू नका.

सावध: सकाळीच दहा सिरिंज भरून ठेवायची सवय सोडा. भरलेल्या सिरिंजवर नाव नसतं, आणि प्लॅस्टिकच्या सिरिंजमध्ये लस किती टिकते याची खात्री कंपनी देत नाही. ज्याने भरली त्यानेच टोचायची. दोन लसी कधीही एका सिरिंजमध्ये मिसळू नका, आणि उरलेल्या दोन कुप्यांतलं थोडं थोडं घेऊन एक डोस करू नका.

## ८. टोचताना

खांद्याची दुखापत हा टाळता येण्याजोगा प्रकार आहे आणि तो जवळजवळ नेहमी एकाच कारणाने होतो. सुई फार वर गेली. गिऱ्हाईक सदऱ्याची कॉलर खाली ओढून खांदा पुढे करतं, फार्मासिस्ट उभा असतो, आणि सुई खांद्याच्या सांध्याजवळच्या पिशवीत जाते. मग महिनोन् महिने हात वर होत नाही.

म्हणून बाही वर करायला लावा. घट्ट असेल तर हात बाहीतून काढायला लावा. दोघंही बसा. हात मांडीवर सैल ठेवू द्या. खांद्याच्या टोकाचं हाड बोटाने चाचपा, त्याच्या दोन ते तीन बोटं खाली, दंडाच्या बाहेरच्या बाजूला मधोमध. काखेच्या रेषेच्या खाली जायचं नाही. या छोट्या त्रिकोणातच सुई ९० अंशांत, न थबकता. सिरिंजचा दट्ट्या मागे ओढून रक्त येतं का पाहायची गरज नाही, त्या जागी मोठी रक्तवाहिनी नसते आणि ओढाताणीने दुखतं.

सुईची लांबी हा दुसरा दुर्लक्षित भाग. मोठ्या माणसाच्या दंडाला साधारण २५ मिलिमीटर, २२ ते २५ गेज. वजन बरंच जास्त असेल तर, म्हणजे बाई ९० किलोंपुढे किंवा पुरुष ११८ किलोंपुढे, ३८ मिलिमीटर. आखूड सुई चरबीतच राहते. तिथं लस नीट काम करत नाही आणि गाठही येते. तान्ह्या बाळाला मांडीच्या पुढच्या-बाहेरच्या स्नायूत टोचायचं. ढुंगणात कुणालाच नको, कारण नसेला इजा होऊ शकते, आणि हिपॅटायटिस बी व रेबीजच्या लसींचा परिणाम तिथं कमी होतो.

कातडीखाली द्यायची लस ४५ अंशांत, १६ मिलिमीटरच्या सुईने. बीसीजी त्वचेच्या आत, जवळजवळ आडव्या सुईने, आणि फुगवटा आला तरच बरोबर.

एकाच हातात दोन लसी असतील तर निदान अडीच सेंटिमीटरचं अंतर ठेवा आणि कोणती वर, कोणती खाली ते लिहा. झाल्यावर सुईला टोपण परत लावायचं नाही, सिरिंज सरळ टोचा न जाणाऱ्या डब्यात. डबा हाताच्या अंतरावर हवा आणि तीन चतुर्थांश भरला की बंद.

## ९. पुढची पंधरा मिनिटं

गिऱ्हाइकाला बसवून ठेवा. ‘बरं वाटतंय, निघतो’ म्हणणारा माणूस दारात कोसळला तर डोकं आपटून होणारी इजा लसीपेक्षा मोठी असते. पूर्वी लगेच होणारी ॲलर्जी झाली असेल तर अर्धा तास थांबवा.

ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे जिवावर बेतणारी तीव्र ॲलर्जी, दुर्मीळ आहे, साधारण दहा लाख डोसांमागे एक, पण तयारी रोज हवी. साधी भोवळ आणि ॲनाफिलॅक्सिस यांतला फरक पाठ असू द्या. भोवळीत चेहरा पांढरा पडतो, घाम येतो, नाडी मंदावते, आणि झोपवून पाय वर केले की मिनिटा-दोन मिनिटांत माणूस सावरतो. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी जलद होते, अंगावर गांधी, ओठ-जीभ सुजणं, श्वासात शिट्टी, आवाज बसणं, उलट्या.

शंका आली की ॲड्रेनलिन. एक मिलिलिटरमध्ये एक मिलिग्रॅम या तीव्रतेचं, मांडीच्या बाहेरच्या बाजूच्या स्नायूत, दर किलो वजनामागे ०.०१ मिलिग्रॅम. मोठ्यांना जास्तीत जास्त ०.५, लहान मुलांना ०.३ मिलिग्रॅम. त्याच वेळी दुसऱ्याने रुग्णवाहिका बोलवावी. झोपवा, पाय वर करा. श्वास लागत असेल तर बसतं ठेवा, पण अचानक उभं करू नका. सुधारणा नसेल तर पाच ते पंधरा मिनिटांनी पुन्हा. ॲलर्जीची गोळी किंवा स्टेरॉइड आधी देऊन वेळ घालवणं ही सर्वांत महागडी चूक.

तपासा: ॲड्रेनलिनची मुदत दर महिन्याला बघा. वजनानुसार मात्रेचा तक्ता पेटीच्या झाकणाच्या आत चिकटवा. त्या क्षणी कुणालाच गुणाकार जमत नाही.

## १०. लिहिणं, आणि चूक झाली तर

नाव, जन्मतारीख, लस, कंपनी, बॅच, मुदत, मात्रा, मार्ग, कोणता हात, तारीख, टोचणाऱ्याची सही, पुढच्या डोसची तारीख. टोचल्यावर लगेच लिहा. संध्याकाळी आठवून लिहिलेल्या नोंदीत डावा-उजवा हात हमखास बदलतो. एक प्रत गिऱ्हाइकाला द्या. बॅच परत मागवली गेली तर त्या कुपीतला डोस कुणाला गेला हे शोधायला हीच नोंद लागते.

चुकीच्या डोसाचं काय करायचं हे चुकीवर अवलंबून आहे. मुदत संपलेला किंवा गोठलेला डोस दिला गेला असेल तर तो धरायचा नाही, पुन्हा द्यावा लागतो. मुदत संपलेली लस जिवंत असेल तर २८ दिवसांनी. हिपॅटायटिस बी ढुंगणात दिली गेली तर तोही डोस मोजत नाहीत. गर्भारपणात चुकून जिवंत लस गेली तर लपवू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. प्रत्येक वेळी आधी त्या माणसाला सांगायचं, मग वरिष्ठांना आणि दुष्परिणाम नोंदवणाऱ्या यंत्रणेला, मग वहीत. वहीत लिहिताना ‘चूक कुणाची’ याऐवजी ‘कोणत्या टप्प्यावर’ असा रकाना ठेवा. पहिला रकाना असला की तो रिकामाच राहतो.